निमजे काकांचा जवाई

धुराला इतकी नावं असतात, हे मला निमजे काकांमुळे कळलं. आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांना धूर दोनच रंगांचा दिसायचा, काळा नाहीतर पांढरा. काकांना मोतिया दिसायचा, कबुतरी दिसायचा, चिंतामणी दिसायचा. जनरेटर सुरू केला की ते कपाळावर हात आडवा धरून छपराच्या वर काढलेल्या नळीच्या तोंडाकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक बाईने पदर उलगडायला सांगावा आणि आपण तो उजेडात धरून आधी स्वतः निरखावा, तसे.

"आज चिंतामणी आहे," ते म्हणायचे. म्हणजे निळसर. म्हणजे इंजिन डिझेलबरोबर आपलं तेलही जाळतंय.

"आज मोतिया. थंडीनं आहे. जाईन आता."

आणि थोड्या वेळाने तो खरोखर जायचा. कधी कधी जायचाही नाही, मग काका दिवसभर कोणाशी नीट बोलायचे नाहीत.

काका मेकॅनिक नव्हते. जन्मभर त्यांनी इतवारीतल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या दाखवल्या. त्यांचे वडील हातमागावर विणायचे, पाचपावलीतल्या त्याच घरात. मागाचा खड्डा पुढे बुजवला, वर फरशी घातली आणि ती काकूंची खोली झाली. काका रिटायर झाले तेव्हा त्यांना दोनच गोष्टी येत होत्या: साडी उलगडणं आणि साडी घडी करणं. इंजिन त्यांच्या आयुष्यात आलं ते काकूंच्या श्वासामुळे.

काकूंची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. डॉक्टरांनी कारण नक्की सांगितलं नाही. काकू लहानपणापासून मागासाठी कांड्या भरायच्या, त्या म्हणायच्या, "निम्मं सूत माह्या नाकातच गेलं असंन." त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनची मशीन असायची, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी, विजेवर चालणारी. तिची पारदर्शक नळी काकूंच्या नाकापासून निघून पलंगावरून, फरशीवरून मशीनपर्यंत जायची. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची. तिथे काकू स्टुलावर बसायच्या आणि आत शेगडीपाशी असलेल्या काकांना फोडणी शिकवायच्या.

त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. पण एका उन्हाळ्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळला आणि लाइट आलीच नाही. इन्व्हर्टरने दुपारी मान टाकली. ऑक्सिजनचं सिलिंडर मिळेपर्यंत काका काकूंसमोर बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते, जणू वाऱ्याने काही होणार होतं. त्यानंतर ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामठी रोडला गेले आणि परत आले ते मागे ट्रक घेऊनच.

ट्रक गल्लीत शिरेना. जनरेटर तोंडाशीच उतरवून, खाली लोखंडी पाइप सरकवत सरकवत दारापर्यंत आणला. हिरवा, फौजी हिरवा, बाजूवर पांढऱ्या रंगात ठोकलेले आकडे, उचलायला चार कोपऱ्यांना कड्या. एका भंगारवाल्याने तो लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतला होता. शेजारच्या पराते काकू आपल्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काहून वं माय, लढाई सुरू झाली का?"

निमजे काकू खिडकीतून बघत होत्या. "माह्या मशीनीले एवढासा करंट लागते," त्या म्हणाल्या, "अन् हे उचलून आणलं काय, लग्नाच्या मांडवाचं!"

"कपडा घेताना कसं," काका घाम पुसत म्हणाले, "वाढत्या अंगाचा घ्यावा. कमी पडला तं मंग जोड लावता येत नाही."

हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की गल्लीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. आमच्याकडे शाळेचा युनिफॉर्म याच हिशेबाने घेतला जातो.

जनरेटर सुरू झाला नाही. काकांनी चांगली नवी बॅटरी आणून लावली होती, पण बटण दाबलं की नुसता टक्‌ असा आवाज यायचा. त्यांनी तारा घासल्या, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या ट्रक गॅरेजमधल्या रफीकभाईंना बोलावलं. ते आले, वाकून पाहिलं आणि हसत सुटले.

"चाचा, ये फौजी है. एक बॅटरीसे नही उठेगा. चौबीस व्होल्ट मांगता है. दो जोडो, एक के पीछे एक."

दोन जोडल्या. इंजिनाने एक आचका दिला आणि असं धडधडलं की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. खिडकीत काकू टाळ्या वाजवत होत्या. नाकात नळी, आणि हसता हसता धाप.

"जवाई आहे हा," त्या म्हणाल्या. "एका ताटानं भागतच नाही याचं. आमाले पोरगी नाही झाली, पण जवाई पाहा कसा आयता आला."

तेव्हापासून त्याचं नाव जवाई. काकाही तेच म्हणायला लागले, आणि अजिबात न हसता. दिवाळीला त्याच्यावर नवी ताडपत्री यायची. खंडेनवमीला हळदकुंकू लावून त्याला दिवसभर सुट्टी दिली जायची; त्या दिवशी लाइट जाऊ नये म्हणून काका सकाळपासून तारांकडे बघत बसायचे.

मी समोरच्या घरातली. मला बोलावलं गेलं ते पुस्तकासाठी. भंगारवाल्याने जनरेटरबरोबर एक जाड, तेलाचे डाग पडलेलं इंग्रजी पुस्तक दिलं होतं, आणि गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मीच होते. रविवारी मी स्टुलावर बसून वाचायची, जमेल तसं मराठीत सांगायची. काका ऐकायचे आणि पुस्तकाशी भांडायचे. "दर इतक्या तासांनी तेल बदला म्हणते? तेल पायलं का यानं? मी पायलं. अजून चांगलं आहे." मग इंजिनातली तेल मोजायची काठी ओढून तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचे, डोळे मिटून. कापडाचा पोत बघायचे तसे. दोन वेळा त्यांचा अंदाज चुकला आणि रफीकभाईंनी त्यांना गल्लीत सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून ते पुस्तकाचं ऐकायला लागले, पण कुरकुरत.

मी फार बोलत नाही. बहुतेक लोकांना त्याचं काहीतरी करावंसं वाटतं. काकांनी काकूंना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "ही पोरगी चांगली आहे. चूप बसते. मशीन आयकू येते."

पुढचा घोटाळा कुरड्यांचा. पराते काकूंनी गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यावर काळे, चिकट थेंब पडले. त्या ताट घेऊनच आल्या. "हे पाहा! तुमच्या जवायानं थुंकून ठेवलं!" काका वर गेले. खरंच, नळीच्या तोंडातून काळं तेलकट पाणी ओघळत होतं. काकांनी सगळे फिल्टर बदलले, काही फरक नाही. पुन्हा रफीकभाई.

त्यांनी विचारलं, "इसपे चलाते क्या हो?"

"काकूची मशीन. एक पंखा. एक बल्ब."

रफीकभाईंनी कपाळाला हात लावला. एवढं मोठं इंजिन इतक्या हलक्या कामावर चालवलं की ते पुरेसं तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी आतच साचत जाते. "इसको बोझ दो, चाचा. खाली बिठाके रखोगे तो ये सड जायेगा. फिर जिस दिन काम पडेगा उस दिन दगा देगा."

काकांचा चेहरा उतरला. वाढत्या अंगाचा कपडा अंगापेक्षा फारच मोठा निघाला होता, आणि त्यात काकूंचा श्वास होता. काकू मात्र खिडकीतून म्हणाल्या, "जवाई रिकामा बसला का असंच होते. कामाले लावा त्याले."

आणि मग आमच्या गल्लीत ती पद्धत सुरू झाली, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दर रविवारी सकाळी काका जनरेटर लावायचे आणि गल्लीभर वायर ओढून दारात लाकडी बोर्ड ठेवायचे. मग ओरडायचे, "इस्त्र्या आणा वं! इस्त्र्या आणा गा!" बायका, पोरं, पुरुष आपापल्या इस्त्र्या आणि आठवड्याचे कपडे घेऊन यायचे. कोणी मिक्सर आणायचं, चटण्या वाटायचं. कोणी पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून बसायचं. काका मीटरच्या काट्याकडे बघत मोजमाप करायचे. "अजून दोन इस्त्र्या पायजे. पराते वहिनी, तुमची आणा ना, काहून मागं राहता?"

"माह्ये कपडे झाले सगळे."

"मंग पुन्हा करा. जवायासाठी करा."

कडक इस्त्रीच्या बाबतीत आमच्या गल्लीसारखी गल्ली पाचपावलीत नव्हती. लोकांच्या पायजम्यांना, टॉवेलांना, पायपुसण्यांनाही घडी पडलेली असायची. नळीतून आधी काळा लोट निघायचा, मग पातळ व्हायचा, मग नुसती हवा थरथरताना दिसायची. काका वर बघून म्हणायचे, "झिरझिरीत." हा त्यांचा सगळ्यात आवडता रंग होता.

हे सगळं ज्यासाठी होतं तो दिवस मेमध्ये आला. सुट्टी लागल्यामुळे मी घरी होते. दुपारी लाइट गेली आणि काकूंचा इन्व्हर्टर तेव्हा जुना झालेला, त्याच्यावर फार वेळ नसायचा. काकांनी जनरेटर लावला. तो लागला, थोडा चालला, खोकला आणि बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. मी पुस्तक घेऊन धावले. डिझेलच्या वाटेत हवा शिरली की असं होतं, स्क्रू ढिला करून हातपंपाने हवा काढायची, असं त्यात होतं. काकांनी पंप मारला. स्क्रूपाशी नुसता फेस. मारत राहिले, फेस संपेना. म्हणजे कुठून तरी हवा पुन्हा आत शिरत होती.

बॅटरी संपत आल्यामुळे खोलीतला इन्व्हर्टर वाजायला लागला. काकांचे हात थांबले.

मी आत गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ जरा निळसर. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. एकेक शब्द वेगळा काढून म्हणाल्या, "त्याईले सांग. मी बसून आहे. कुठी जाऊन नाही राहिली."

मी बाहेर येऊन तेच सांगितलं.  काकांनी डोळे मिटले आणि टाकीपासून निघालेल्या रबरी नळीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली, हळूहळू, साडीत तुटलेला धागा शोधावा तशी. एका वळणापाशी बोट थांबलं. तिथे धूळ ओली होऊन चिकटली होती. खाली केसाएवढी चीर. "साबण," ते म्हणाले. मी आमच्या मोरीतली कपड्यांच्या साबणाची वडी आणली. रफीकभाईंचा हा ट्रकवाल्यांचा उपाय होता: साबण चिरेवर घासून दाबून बसवायचा, वरून चिंधी. काकांनी तसं केलं आणि पुन्हा पंप मारला. फेस कमी झाला, बुडबुडे आले, मग नितळ डिझेल. स्क्रू घट्ट केला. इंजिन लागलं आणि लागूनच राहिलं.

काका खोलीच्या दारात गेले, पण आत नाही, हातांना डिझेलचा वास होता म्हणून. उंबऱ्यावर उभे राहून काकूंच्या छातीकडे बघत राहिले.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही."

"चालू आहे ना मी."

"हो. चालू आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. तेव्हापासून कमरेच्या पिशवीत साबणाचा तुकडा असायचाच. कितीही पाहुणे आले, लग्नाला गेले, तरी त्यांच्याजवळ बसलं की साबणाचा वास यायचा.

त्यानंतर जनरेटरने काकूंना कधी दगा दिला नाही. किती उन्हाळे, किती वादळं. मी कॉलेज संपवलं, बुटीबोरीला नोकरीला लागले, आणि काकू खिडकीतच होत्या. नळी आता स्वयंपाकघरापर्यंत जायची नाही, पलंगापुरतीच. पण होत्या.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला आणि त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोन दिवसांनी काका आंघोळीपुरते घरी आले तेव्हा मी त्यांच्या गेटपाशी होते.  त्यांनीच सांगितलं.

"तिथला जनरेटर पाहून आलो मी. गार्डले म्हटलं, दाखव बाबा. मागच्या बाजूले खोली आहे. एवढा मोठा, पण आवाजच येत नाही. लाइट गेली का आपोआप चालू होते. माणूसच लागत नाही."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं.  जवाईवरच्या ताडपत्रीचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी बांधला.

"मंग मी तिथं बसून काय करू, सांग बरं?"



काकू सकाळच्या वेळी गेल्या. घाटावरून परत आल्यावर काका ओट्यावर बसले आणि लोक येत राहिले. जो येईल त्याला ते एकच वाक्य सांगत होते. पुरुषांना, बायकांना, काकूंच्या उमरेडच्या बहिणीला, रफीकभाईंना.

"लाइट होती."

लोकांना वाटायचं ते काहीतरी भलतंच बोलताहेत. ते मान हलवून पाठीवर हात ठेवायचे.

"लाइट गेली नव्हती गा. एकदाही नाही गेली. सगळं चालू होतं."

रात्री आईने विचारलं, "काय म्हणत होते गं ते, लाइटचं?" मला कळलं होतं ते काय म्हणत होते. इतकी वर्षं त्यांनी एका दारावर पहारा दिला होता, आणि काकू त्या दाराने गेल्याच नाहीत.  आईला मी म्हटलं, माहीत नाही.

तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी जनरेटरचा आवाज आला. काकांनी वायर ओढली होती, बोर्ड ठेवला होता, पण हाक मारली नव्हती. ते नुसते मीटरजवळ उभे होते. पराते काकू आधी बाहेर आल्या, इस्त्री आणि चादर घेऊन. मग आई. मग सगळ्या.  पराते काकूंनी ती एकच चादर उलगडली, इस्त्री केली, घडी केली आणि पुन्हा उलगडली. खिडकी बंद होती. काका काट्याकडे बघत होते, आणि काटा जिथे हवा तिथे आल्यावरही बघतच राहिले.

काही रविवार तसं चाललं. मग काकांनी वायर ओढायचं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आता ठेवून काय करू त्याले? दुसऱ्याच्या कामी पडू दे." उन्हाळा संपता संपता बुटीबोरीकडचा एक माणूस जनरेटर ट्रकवर घालून घेऊन गेला आणि काका उमरेडला धाकट्या भावाकडे राहायला गेले. दोन्ही गोष्टी मी ऑफिसात असताना झाल्या. संध्याकाळी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. पुढच्या वर्षी काका तिकडेच वारले, तेही आम्हाला फोनवर कळलं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, मेमधल्या एका दुपारी. रविवार होता. आमच्या वरच्या खिडकीतून त्यांचं उघडं दार दिसायचं. ते खाली बसून जेवत होते, वरण-भात, एकटे. लाइट गेली.

पंख्याचं पातं पुरतं थांबायच्या आत काका उठले होते. उष्ट्या हाताने, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून धावत ते जनरेटरपाशी आले. इतक्या दिवसांत कोणी हात लावला नव्हता, तरी तो पहिल्याच झटक्यात लागला. त्यांनी घराची लाइन त्याच्यावर टाकणारा खटका दाबला, घरातला पंखा फिरायला लागला, आणि काका काहीतरी सांगायला तोंड उघडून काकूंच्या खोलीकडे वळले.

ते तसेच उभे राहिले. जनरेटर छान चालत होता. गल्लीत लोकांचे इन्व्हर्टर लागले होते, कोणाला कशाची गरज नव्हती. मला वाटलं खाली जावं. मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने काकांनी बंद करायची तार ओढली. इंजिन थरथरत थांबलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग खटक्याकडे. त्याला भाताची शितं चिकटली होती. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने त्यांनी ती एकेक पुसून काढली, ताडपत्री घातली, चारही कोपरे बांधले. मग आत गेले आणि बंद पंख्याखाली पुन्हा ताटावर बसले.